अस्तराची सुई

“शिवण ही साधना आहे, आणि माणसाचं कूळ त्याच्या टाक्यात दिसतं,” हावळमास्तर म्हणाले.

हे वाक्य त्यांनी ज्या आसनावरून उच्चारलं ते एका मारुती व्हॅनचं मागचं सीट होतं. त्याचा कुजलेला स्पंज मी आदल्या दिवशी काढून टाकला होता आणि नवा अजून यायचा होता. त्यामुळे ‘साधना’ म्हणेपर्यंत मास्तर ताठ होते, ‘कूळ’ म्हणताना त्यांचे गुडघे छातीपाशी आले, आणि ‘टाक्यात’ म्हणताना आम्हाला त्यांची फक्त टोपी दिसत होती. त्यांच्या मुलीने, हेमलताने, काखेत हात घालून त्यांना वर काढलं.

“अण्णा, स्टुलावर बसा.”

“बसतो. पण मी काय म्हणालो ते ऐकलं ना यांनी?”

“ऐकलं,” मी म्हणालो.

कऱ्हाडात कोल्हापूर नाक्याजवळ तेव्हा माझं सीट कव्हरचं दुकान होतं. त्या रविवारी सकाळी सांगलीचे हावळमास्तर तिथे मुलगा बघायला आले होते. मुलगा म्हणजे मी. मुलगी बघायला मुलाकडचे जातात, पोहे खातात आणि नंतर कळवतो म्हणतात, ही आमच्यात सगळ्यांना ठाऊक असलेली रीत. मास्तरांनी ती उलटी केली होती. घरी या, असं आईने कळवलं, तर त्यांचा निरोप आला: घर काय बघायचं, पाहुणे येणार म्हटल्यावर घर सगळेच झाडून ठेवतात. मला मुलगा दुकानात बघायचाय. म्हणून आई पोह्यांचा डबा घेऊन दुकानात येऊन बसली होती, आणि रेक्झिनच्या गुंडाळ्यांवर बशा मांडल्या होत्या.

पाचवे होते गजाननराव रेळेकर, समाजाच्या वधू-वर मंडळाचे चिटणीस. हे स्थळ त्यांनीच आणलं होतं. माझ्यासाठी त्यांनी आणलेलं हे पहिलं स्थळ नव्हतं. दर वेळी ‘मुलगा पदवीधर, निर्व्यसनी, स्वतःचं दुकान’ इथपर्यंत सगळं सुरळीत चालायचं. मग समोरचा विचारायचा, दुकान कसलं? आणि त्यानंतर पोहे गार व्हायचे.

आम्ही शिंपी. माझे वडील शर्ट-पँट शिवायचे. बाजारात तयार कपडे आले तसं त्यांचं गिऱ्हाईक गेलं, आणि मग तेही गेले. मी अर्थशास्त्रात बी. ए. केलं होतं. त्यातून मला एवढंच समजलं की माणसं शर्ट तयार घेतील, पण गाडीचं सीट तयार मिळत नाही. म्हणून मी वडिलांचं मशीन विकलं आणि एका बंद पडलेल्या बूट कारखान्यातून चामडं शिवायचं मशीन आणलं. काळंकभिन्न, माझ्या वजनाहून जड. सुई खिळ्याएवढी, दोरा मासे पकडायच्या दोरीसारखा. पायाखालची पट्टी नुसती दाबली की मोटर अशी सुटायची की शेजारचा चहावाला कपबश्या धरून ठेवायचा.

समाजाला या मशीनचं वावडं होतं.

“चामड्याचं मशीन म्हणायचं हे,” मास्तर स्टुलावरून म्हणाले. त्यांनी मशीनकडे नाही, मशीनच्या दिशेने पाहिलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

“मी रेक्झिन शिवतो मास्तर. त्यात जनावर नसतं.”

“पण मशीनने शिवलेलं आहे ना चामडं?”

“पूर्वी शिवलंय.”

“मग झालं तर. मशीन विसरत नाही.”

“बरं पोहे घ्या,” आई म्हणाली. “लिंबू पिळू का?”

“वहिनी, पोहे नंतर. आधी हात.”

हेमलता भिंतीला टेकून उभी होती. तिला मी त्याआधी एकदा पाहिलं होतं, सांगलीच्या वधू-वर मेळाव्यात. स्वतःची ओळख करून द्यायला ती मंचावर आली आणि माईक किंचाळायला लागला. तिच्या आधीच्या सगळ्या मुली माईक किंचाळला की मागे सरत होत्या. हिने त्याला एक चापट मारली, तो गप्प झाला, आणि ‘मी हेमलता मुरलीधर हावळ’ असं म्हणून तिने पुढचं सांगितलं. पुढचं काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. त्यानंतर मी रेळेकरांना म्हटलं होतं की हे स्थळ जमलं तर जमवा, नाही तर पुन्हा माझ्यासाठी कुठे जाऊ नका. आयुष्यात एवढं ठाम वाक्य मी कुणालाच सुनावलं नव्हतं. रेळेकरही चमकले होते.

“हेमा, ती पिशवी दे,” मास्तर म्हणाले.

पिशवीतून त्यांनी पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून मांडीवर उलगडलं. मोरपंखी रेशीम. इतकं तलम की त्यातून त्यांच्या धोतराच्या चुण्या दिसत होत्या. पोलक्याचे दोन तुकडे, बेतून ठेवलेले.

“ही बगलेची शिवण,” ते म्हणाले. “खालून वर, एक टीप. याच मशीनवर. ती जमली, तर बाकी मी काही विचारणार नाही. नाही जमली, तर तुम्हीही मला काही विचारायचं नाही.”

“कापड कुणाचं आहे?” मी विचारलं.

“गिऱ्हाइकाचं. जादा कापड नाही, आधीच सांगतो.”

“अहो मास्तर, मग त्याच्यावर कशाला?” रेळेकर म्हणाले. “माझा रुमाल घ्या.”

“रुमालावर कुणीही शिवेल. दुसऱ्याच्या कापडावर हात थरथरतो का, ते बघायचं.”

माझा थरथरायला लागला होता. सुदैवाने ते मास्तरांना दिसत नव्हतं. हेमलताला दिसत होतं.

मास्तरांनी खिशातून रेशमी दोऱ्याचं रीळ काढलं, आणि टोपीच्या घडीतून एक सुई. “नऊ नंबर. माझी स्वतःची.”

मी सुई हातात घेतली. घरगुती मशीनची सुई, आखूड. माझ्या मशीनला लावली असती तर खाली दोरा पकडणाऱ्या आकड्यापर्यंत पोचलीच नसती. मी तसं सांगितलं.

“सुई पोचत नाही, की हात पोचत नाही?” मास्तर म्हणाले.

रेळेकर हसले. मग आईकडे पाहून थांबले.

बूट कारखान्याने मशीनबरोबर एक पत्र्याची डबी दिली होती. त्यात मोडके पेच, एक वाकडी किल्ली आणि तळाशी, तेलकट कागदात, एक बारीक सुई होती. बुटाच्या आतलं अस्तर शिवायची. मी ती कधी वापरली नव्हती. डबी उलटी केली तेव्हा सुई फरशीवर पडली आणि टुणकन उडाली. कुठे गेली ते दिसलं नाही. हेमलता वाकली, आणि व्हॅनच्या सीटच्या स्प्रिंगमधून तिने ती दोन बोटांनी काढली. नखावर टोक फिरवून पाहिलं.

“अण्णा, ही चौदा नंबर असेल. पण टोक चांगलं आहे.”

“चौदा? चौदाने मी लेंगे शिवतो.”

“या मशीनला याहून बारीक नसेल. लावू दे त्यांना. उशीर होतोय.”

मास्तरांनी मान हलवली. मी सुई लावली. नेढ्यात दोरा ओवायला मला दोनदा थुंकी लावावी लागली. आई डोळे मिटून बसली होती, बहुधा काहीतरी पुटपुटत.

चाक हाताने फिरवून पाहिलं तर दोरा तट्कन तुटला. मशीनवर दोरा आवळून धरणारी स्प्रिंग बैलगाडीच्या कासऱ्यासाठी केल्यासारखी होती. ती मी सैल केली. पुन्हा तुटला. आणखी सैल केली, इतकी की तिचा पेच माझ्या हातात आला. तो पुन्हा जेमतेम बसवला. बॉबिनचा पेच सैल केला. मग कापड दाबून धरणाऱ्या वरच्या पायाचा दाब काढला, कारण हा पाय रेशमावर टेकला असता तर सुई पडायच्या आधीच कापडाचं काम झालं असतं.

“काय करतायत?” मास्तरांनी विचारलं.

“सैल करतायत,” हेमलता म्हणाली.

“काय सैल करतायत?”

“सगळंच.”

आता नमुना हवा होता. थेट रेशमावर सुई टाकायची माझी हिंमत नव्हती. दुकानभर नजर फिरवली: रेक्झिन, फोम, तळवटाचं जाडंभरडं कापड. या मशीनच्या मालकाकडे मऊ असं काही नव्हतंच.

“हे घे,” आई म्हणाली, आणि तिने पदर पुढे केला. वॉइलची साडी होती.

“आई, नको.”

“घे रे. जुनीच आहे.” ती जुनी नव्हती. गुढीपाडव्याला मीच आणली होती.

तिने आपलं स्टूल मशीनजवळ ओढून पदराचं टोक मशीनच्या पायाखाली सरकवलं. सवयीने माझा पाय पट्टीवर गेला. मोटर सुटली. एक क्षण, जास्त नाही. मशीनने पदर गिळला. सुईखालचं भोक खिळ्याच्या मापाचं होतं, आणि वॉइल त्या भोकातून खाली आकड्यापर्यंत ओढलं गेलं. आई अर्धी उठली आणि तशीच वाकून उभी राहिली. ती मशीनला बांधली गेली होती.

“ओढू नकोस,” ती अगदी हळू म्हणाली. “मी अशीच थांबते.”

“काय झालं?” मास्तर.

“काही नाही मास्तर,” रेळेकर म्हणाले. “वहिनी मशीन बघतायत.”

मी मोटरचं बटण बंद केलं. प्लेटचे पेच काढले. आईचं डोकं माझ्या कानाशी होतं आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता. अस्तराची सुई आता मोडली तर दुसरी नव्हती. चाक मागे फिरवलं, केसभर, पुन्हा केसभर. दोरे कापले. वॉइल एकेक धाग्याने सुटत गेलं. शेवटी पदर बाहेर आला तेव्हा त्याच्या टोकाला ग्रीसचा डाग आणि बोट जाईल एवढं भोक होतं. आईने ते टोक मुठीत घेतलं आणि परत खाली बसली.

सुई शाबूत होती.

“आता कसं?” रेळेकर कुजबुजले. “मास्तरांना सांगू का, की पुढच्या रविवारी?”

“खाली कागद लागेल,” मी म्हणालो. “पातळ. कापडाखाली कागद धरला की ते भोकात जाणार नाही. नंतर फाडून काढता येतो.”

“वर्तमानपत्र?” आई म्हणाली.

“शाई लागेल.”

हेमलताची नजर रेळेकरांच्या काखेकडे गेली. तिथे मंडळाची वधू-वर सूची होती, गुळगुळीत मुखपृष्ठाची. आत पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो होता आणि त्याला घासू नये म्हणून वर एक झिरझिरीत बटर पेपर लावलेला होता.

“तो,” ती म्हणाली.

“छे छे! अहो, हा अध्यक्षांचा…” रेळेकरांनी सूची छातीशी धरली. “प्रत्येक प्रतीत लावून घेतलाय त्यांनी. मुद्दाम.”

“काका, स्थळ जमवायचंय ना तुम्हाला?”

रेळेकरांनी डोळे मिटून तो कागद फाडला. अध्यक्ष उघडे पडले.

मी प्लेट परत बसवली, दोरा पुन्हा ओवला आणि मोटरचा पट्टा चाकावरून काढून टाकला, म्हणजे पाय चुकून गेला तरी काही सुटणार नाही. कागद पसरला. त्यावर रेशमाचे दोन तुकडे काठाला काठ लावून ठेवले. टाका लहानात लहान केला. पाय खाली घेतला, तो रेशमावर टेकला आणि रेशमाने तक्रार केली नाही. मग उजव्या हाताने चाक माझ्याकडे फिरवलं.

पहिला टाका पडला.

दुसरा पडला.

बाहेर नाक्यावर एक ट्रक हॉर्न वाजवत होता आणि वाजवतच राहिला. डाव्या हाताची तीन बोटं रेशमावर, सुईच्या दोन्ही बाजूंना. एवढ्या वर्षांत मी या मशीनला इतकं हळू चालताना पाहिलं नव्हतं. सुई खाली जायची, वर यायची, आकडा फिरायचा, आणि दर वेळी मी वाट बघायचो, की आता. कारण मला ठाऊक होतं काय होणार ते. खालचा आकडा दोऱ्याचा फास पकडतो तेव्हा टाका बसतो, आणि माझा आकडा जाड सुईच्या मापाने लावलेला होता. बारीक सुई त्याच्यापासून जराशी लांब राहत होती. एखादा फास हुकायचाच.

कंबरेपासून वर, अर्धी शिवण झाली. पाऊण झाली. माझ्या नाकावरून घामाचा थेंब निघाला. तो पडायच्या आत हेमलताने तिथे रुमाल धरला. एवढं जवळ ती आली होती हे मला तेव्हा कळलं.

“थांबले का?” मास्तर म्हणाले.

“नाही अण्णा. चाललंय.”

बगलेच्या वळणावर सुई किंचित वाकली आणि आकडा नुसताच फिरला. मला ते बोटांना कळलं, डोळ्यांना नंतर. एक टाका सुटला होता. मोरपंखी रेशमावर, दोन टाक्यांच्या जागी एक लांबडा, सैल, आळशी टाका. उसवायचं तर सुईची भोकं रेशमावर कायमची राहणार. मी चाक फिरवत राहिलो. शेवटचे टाके नीट पडले. दोरा कापला, कागद हळूच फाडून काढला आणि शिवण मास्तरांच्या हातात दिली.

त्यांनी ती नाकाजवळ नेली, मग दूर नेली. काही उपयोग झाला नाही. अंगठ्याचं नख शिवणीवर ठेवून ते खालून वर सरकवायला लागले. आमच्यात जुन्या माणसांची ही रीत होती. सुटलेल्या टाक्याला नख अडखळतं. नख चाललं होतं. कंबर, पोट, बरगडी. वळणापाशी आलं आणि थांबलं.

“हेमा,” ते म्हणाले, “इथे बघ गं. टाका सुटलाय का?”

हेमलताने कापड घेतलं, उजेडात दाराशी गेली. तिची पाठ आमच्याकडे होती. तिने ते ताणून पाहिलं. मग वळली आणि माझ्याकडे पाहिलं. सरळ, डोळ्यांत. तिला दिसला होता. मला दिसला हेही तिला दिसलं होतं. आईने पदराचं भोक अजून मुठीत धरलेलं होतं.

“नाही अण्णा,” ती म्हणाली. “सलग आहे. तिथे दोऱ्याची गाठ आहे, ती लागली तुमच्या नखाला.”

“नक्की?”

“नक्की.”

मास्तरांनी हात पुढे केला, आणि आधी मला वाटलं की पिशवी मागतायत. ते मशीन चाचपत होते. त्यांनी त्याच्या मानेवरून हात फिरवला, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा.

“वहिनी,” ते म्हणाले, “आता पोहे द्या.”

पोहे गार झाले होते. त्यांनी दोनदा घेतले.

ते दोघे गेल्यावर आई रडली, आणि मग तिने मला पदराचं भोक दाखवून खूप बोलून घेतलं. तो आठवडा मी कसा काढला ते गिऱ्हाइकांना विचारा. एका जीपच्या मालकाला मी मागच्या सीटचं कव्हर पुढे लावून दिलं. माझ्या डोक्यात एकच चित्र होतं: दाराशी उभी असलेली मुलगी, तिच्या हातात चुकलेली शिवण, आणि ती बापाकडे तोंड करून माझ्यासाठी खोटं बोलतेय. मुलगी एवढं कुणासाठी करते? मला उत्तर ठाऊक होतं. त्या आठवड्यात मी मशीनला तेल दिलं आणि त्याच्याशी बोललोदेखील.

रेळेकर पुढच्या शनिवारी आले. लुना दाराशी लावली आणि आत येऊन व्हॅनच्या त्याच सीटवर बसले. त्याला आता स्पंज होता.

“मास्तर तयार आहेत,” ते म्हणाले. “एकदम तयार. म्हणाले, हात चांगला आहे, मशीनला दोष देण्यात अर्थ नाही. सांगलीत सगळ्यांना सांगत सुटलेत.”

“मग?”

“मुलगी नको म्हणतेय.”

आई आतल्या बाजूला दोरे गुंडाळत होती. तिच्या हातातलं रीळ थांबलं.

“मशीनमुळे?” मी विचारलं.

“छे. मशीनचं तिला काही नाही. तिला शिवणाराच नको. कसलंही मशीन असो. जन्मभर कात्रणं झाडली म्हणते, आता पुरे. हे तिने मास्तरांना निघायच्या आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, आधी हात तर बघू.”

“मग ती आली कशाला?”

“मास्तरांना दिसत नाही. आणि तिला कऱ्हाडला यायचंच होतं.”

मग जे विचारायचं होतं ते मी विचारलं.

“मग टाका सलग आहे असं का सांगितलं तिने?”

“सुटला होता का?” रेळेकर चकित झाले.

“सुटला होता.”

“सुटला म्हणाली असती तर भोकं राहिली तरी मास्तरांनी तिथेच उसवून पुन्हा शिवायला लावलं असतं,” ते म्हणाले. “त्यांचा स्वभाव तुला माहीत नाही. आणि तिचा त्या दिवशी दुपारी टायपिंगच्या परीक्षेचा पेपर होता. केंद्र इथलंच मिळालं होतं.”

पेपरला ती वेळेत पोचली. चाळीसच्या स्पीडला पास झाली.